शिदोरी रस्त्यानेच पुरवली तर?

सोलापूरचा व्यापार रस्त्यांच्या चौफुल्यावर उभा आहे. पुण्याहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि धुळ्याकडून विजयपूरकडे उतरणारा महामार्ग याच शहरात एकमेकांना छेदतात. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत विणलेली चादर, सिद्धेश्वर मार्केट यार्डातील कांदा, मंगळवेढ्याची ज्वारी, नवी पेठेतील कापड, या साऱ्या मालाच्या किमतीत वाहतुकीचा एक अदृश्य हिस्सा असतो. डिझेल महागले की तो हिस्सा फुगतो. स्पर्धेमुळे विक्रीचा भाव वाढविता आला नाही, तर तो पेढीच्या नफ्यातून वजा होतो. त्यामुळे वाहनाला इंधन कोठून आणि कोणत्या दराने मिळणार, हा प्रश्न अभियंत्यांइतकाच रोजमेळ लिहिणाऱ्याचाही आहे.

विजेवर चालणारी वाहने आता सोलापूरकरांना नवी राहिलेली नाहीत. नवी आहे ती त्यापुढची कल्पना : वाहनाने थांबून वीज भरून घेण्याऐवजी रस्त्यानेच चालत्या वाहनाला वीज द्यावी. डांबराखाली तारांची वेटोळी पुरलेली, वरून मालमोटार धावते आहे आणि धावता धावताच तिची बॅटरी भरते आहे, असे चित्र वर्तमानपत्रांत व चित्रफितींत वरचेवर दिसते. ते पाहून अनेक व्यापारी घरांत एक व्यावहारिक शंका उभी राहते. जुनी मालमोटार बदलण्याची वेळ आली आहे. मग विजेची घ्यावी, की असे रस्ते होईपर्यंत डिझेलवरच काढावे? एका अवजड मालमोटारीत गुंतणारे भांडवल लक्षात घेता ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

वेटोळ्यांचे शास्त्र

या तंत्रामागील तत्त्व जुने आहे. १८३१ साली मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, एका तारेच्या वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले, तर जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यात, दोहोंचा स्पर्श नसतानाही, वीज निर्माण होते. गल्लीच्या कोपऱ्यावरील डीपीत हेच घडते. स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडीही याच तत्त्वावर भांडे तापविते. १८९४ मध्ये हुतँ आणि लब्लाँ या दोन फ्रेंच अभियंत्यांनी विजेच्या रेल्वेगाडीला अशा स्पर्शाविना वीज पुरविण्याचे पेटंट अमेरिकेत घेतले होते. म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ती स्वस्तात आणि भरवशाने साधणारी उपकरणे मात्र अलीकडची आहेत.

रस्त्याच्या थराखाली, पृष्ठभागापासून काही सेंटिमीटर खोल, वेटोळी ओळीने मांडली जातात. वाहनाच्या पोटाशी दुसरे वेटोळे बसविलेले असते. घरातील विजेची दिशा सेकंदाला पन्नास आवर्तने करते. येथे ती हजारो करावी लागतात, तेव्हा कोठे मधले अंतर ओलांडून पुरेशी वीज पोहोचते. वाहन ज्या वेटोळ्यावर असेल तेवढेच वेटोळे त्या क्षणापुरते चालू होते आणि वाहन पुढे सरकताच बंद पडते. त्यामुळे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला वा जनावराला धक्का बसण्याचा प्रश्न येत नाही. टोलनाक्यावर फास्टॅग जसा वाहन ओळखून पैसे वळते करतो, तशीच येथेही वाहनाची ओळख पटवून विजेचे बिल आकारता येते.

अडचण अंतराची आहे. दोन वेटोळ्यांतील अंतर वाढले की पोहोचणारी वीज झपाट्याने घटते. आपल्याकडील मालमोटारींचे पोट जमिनीपासून बरेच उंच असते, म्हणून वाहनाकडील वेटोळे खाली उतरवावे लागते. आणि खाली उतरविलेली वस्तू खड्ड्याला व दगडाला सापडते.

परदेशांत काय घडले

दक्षिण कोरियातील गुमी शहरात २०१३ साली दोन बसगाड्या २४ किलोमीटरच्या मार्गावर याच पद्धतीने धावू लागल्या. त्या मार्गाच्या थोड्याच भागाखाली, पाच ते पंधरा टक्के लांबीत, वेटोळी होती. तेवढ्यावर बसचे काम भागत असे. स्वीडनच्या गोटलंड बेटावर विमानतळ आणि विस्बी शहर यांमधील १.६ किलोमीटर रस्त्यावर प्रयोग झाला. इटलीत महामार्गालगत सुमारे एक किलोमीटरचा गोल मार्ग बांधून मोटार व बस चालवून पाहण्यात आली. अमेरिकेत डेट्रॉइट शहरातील एका रस्त्याचा सुमारे चारशे मीटरचा तुकडा नोव्हेंबर २०२३ मध्ये कार्यान्वित झाला. फ्रान्समध्ये पॅरिसजवळील ए-१० महामार्गावर दीड किलोमीटर लांबीत २०२५ मध्ये अवजड मालमोटारीला चालत्या वेगात सरासरी २०० किलोवॉटच्या घरात वीज देण्यात आली. चालत्या अवजड वाहनाला पुरेशी वीज रस्त्यातून देता येते, ही गोष्ट आता सिद्ध झाली आहे.

याच स्वीडनने हॉल्सबर्ग आणि ऑरेब्रो या गावांमधील २१ किलोमीटरचा महामार्ग विजेचा कायमस्वरूपी रस्ता म्हणून निवडला होता. तेथे पद्धत कोणती वापरायची, हे निविदांवरून ठरणार होते. निविदा आल्या, त्या अंदाजपत्रकाच्या फार वर गेल्या आणि २०२३ मध्ये ते काम थांबविण्यात आले. प्रयोगाचा तुकडा यशस्वी होणे आणि महामार्गाचा हिशेब जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नमुन्याचे ठाण सुंदर विणले म्हणून गिरणी फायद्यात चालेलच असे नाही, हे सोलापूरच्या वस्त्रव्यवसायाला वेगळे सांगायला नको.

नागपूरचे काम

महाराष्ट्रातही या तंत्रावर काम झाले आहे, आणि ते अधिक जवळचे आहे. नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आणि तिरुवनंतपुरमचे सी-डॅक केंद्र यांनी मिळून वाहनासाठी बिनतारी चार्जर विकसित केला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने २०२५ मध्ये तो उत्पादनासाठी एका खासगी उद्योगाकडे सोपविला. घरगुती जोडणीवर चालणारा हा चार्जर दीड किलोवॉटचा आहे. बारा सेंटिमीटरच्या आसपास अंतर असतानाही तो वीज पोहोचवितो आणि ४.८ युनिटांची बॅटरी साधारण तीन तासांत नव्वद टक्क्यांपर्यंत भरतो. त्याची कार्यक्षमता ८९ टक्क्यांच्या घरात सांगितली जाते. म्हणजे शंभर युनिट घेतले तर सुमारे अकरा युनिट वाटेत उष्णतेच्या रूपाने जातात.

हा चार्जर उभ्या वाहनासाठी आहे. चालत्या मालमोटारीच्या दोनशे किलोवॉटपुढे तो अगदी लहान आहे. तथापि त्यातून एक दिशा सूचित होते : जेथे वाहन नेहमी ठरलेल्या जागी उभे राहते, तेथे हे तंत्र आजही आवाक्यात येऊ शकते.

शिदोरी की अन्नछत्र?

पूर्वी लांबच्या प्रवासाला निघणारा मनुष्य शिदोरी बांधून घेई. वाटेत अन्नछत्र असेल तर शिदोरी हलकी होई. विजेच्या वाहनाची बॅटरी ही शिदोरी, आणि चार्जिंगचा रस्ता हे अन्नछत्र. सोलापूर ते पुणे हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरचे आहे. भरलेल्या अवजड मालमोटारीला किलोमीटरमागे सव्वा युनिट धरले, तर एका फेरीला ३१० युनिट लागतात. थोडी शिल्लक राखायची म्हणून बॅटरी चारशे युनिटांची घेतली आणि युनिटमागे सहा-सात किलो वजन धरले, तर शिदोरीच अडीच टनांच्या आसपास जाते. तेवढ्याच प्रवासाला लागणारे डिझेल साठ-पासष्ट लिटर, म्हणजे पन्नास-पंचावन्न किलो. इंजिन व गिअरबॉक्स गेल्याने काही वजन वाचते हे खरे; तरी वजनकाट्यावर उभ्या राहणाऱ्या वाहनात बॅटरीचा प्रत्येक जादा क्विंटल हा भाडे न देणारा क्विंटल असतो.

आता रस्ता वीज देतो असे समजू या. ताशी साठ किलोमीटर वेगाने एक किलोमीटर कापण्यास एक मिनिट लागते. त्या मिनिटात दोनशे किलोवॉटने सुमारे ३.३ युनिट मिळतात. खर्च होतात सव्वा. म्हणजे अडीचशेपैकी पंचाण्णव-शंभर किलोमीटर रस्ता असा झाला, तरी फेरी पूर्ण होते आणि बॅटरी बरीच लहान चालते. वाहनाची किंमत उतरते, माल अधिक बसतो, चार्जिंगसाठी खोळंबा होत नाही. कागदावर हा सौदा मोहक आहे.

खर्चाची बाजूही त्याच कागदावर मांडावी लागते. बिनतारी पद्धतीत पंधरा टक्के गळती धरली, तर ३१० युनिट बॅटरीत पडण्यासाठी ३६५ युनिटांचे पैसे मोजावे लागतात. केबलने भरतानाही थोडी गळती असतेच, तरीही फरक फेरीमागे पंचवीस-तीस युनिटांचा राहतो. युनिटचा दर दहा रुपये धरला तर हा भुर्दंड अडीचशे-तीनशे रुपयांचा. वाचलेल्या वेळेपुढे तो कदाचित सोसेलही. खरा बोजा रस्त्याचा आहे. दोन्ही दिशांची एकेक मार्गिका धरली तर वेटोळी जवळजवळ दोनशे किलोमीटर लांबीत पुरावी लागतील. त्यांना ठरावीक अंतरावर उपकेंद्रे हवीत. एका वेळी पन्नास मालमोटारी वीज ओढू लागल्या तर मागणी दहा मेगावॉट होते. सोलापूरजवळ आहेरवाडी-फताटेवाडी येथील एनटीपीसी प्रकल्पाची क्षमता १३२० मेगावॉट आहे, त्यामुळे वीज नाही असे नव्हे. ती शेताशिवारांतून रस्त्याच्या कडेपर्यंत वाहून आणणे खर्चाचे आहे. या सर्व भांडवलाचे व्याज आणि घसारा रात्रंदिवस चालू राहणार, वरून वेटोळ्याची मालमोटार जावो अथवा न जावो.

तीन मालकांचा पेच

या कल्पनेची खरी गाठ येथे आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवरची पहिली रेल्वेगाडी धावली. तेव्हापासून रेल्वे शिदोरी न बांधताच, डोक्यावरील तारेतून वीज घेत धावते आहे. तिला हे साधले, कारण रूळ, तार आणि इंजिन यांचा मालक एकच आहे. तार टाकण्याचा खर्च करणाऱ्याच्याच पदरात डिझेल व कोळसा वाचल्याचा लाभ पडतो. मुंबईतच बेस्टने १९६२ मध्ये ट्रॉलीबस सुरू केल्या. त्याही वरच्या तारांतून वीज घेत. परंतु १९७१ मध्ये त्या बंद झाल्या. ठरलेल्या तारेखालून बाहेर न पडू शकणारे वाहन शहराच्या रहदारीत डिझेलच्या बसपुढे टिकले नाही.

महामार्गावर तर रस्ता सरकारचा, वीज वितरण कंपनीची आणि मालमोटारी हजारो निरनिराळ्या मालकांच्या. रस्त्यात वेटोळी नाहीत म्हणून कोणी वाहनाला वेटोळे बसवीत नाही. वाहनांना वेटोळी नाहीत म्हणून रस्त्यात कोणी पैसा पुरत नाही. उधारीवर माल देण्यास आडत्या कचरतो आणि माल मिळत नाही म्हणून दुकानदार बाजार धरू शकत नाही, तशीच ही कोंडी आहे. ती फोडण्याचे सामर्थ्य सरकारकडे आहे, पण खड्डे, पूल आणि बाह्यवळण रस्ते यांच्या मागण्या रांगेत उभ्या असताना हा खर्च वर येण्यास बराच काळ लागेल, असे मानणेच शहाणपणाचे.

सोलापूरच्या भूमीचाही विचार करावा लागतो. येथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील रस्त्याचा पाया हलत राहतो. उन्हाळ्यात डांबर मऊ पडते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर त्याच रस्त्यांवरून जातात. रस्त्याचा वरचा थर काही वर्षांनी खरवडून नव्याने करावा लागतो, आणि शहरात तर जलवाहिनी, गटार, केबल अशा प्रत्येक कामासाठी खोदाई होते. वेटोळे तुटले तर ते शोधणे, रस्ता बंद ठेवणे आणि पुन्हा पुरणे, हा सारा खर्च मूळ अंदाजात कोठे तरी लिहिलेला असला पाहिजे.

जेथे मालक एक, तेथे आरंभ

यातूनच मार्गही दिसतो. ज्या ठिकाणी जमीन, वीजजोडणी आणि वाहन यांचा निर्णय एकाच टेबलावर होतो, तेथे हे तंत्र आधी येईल. एस.टी.चे आगार हे असे ठिकाण आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर महामंडळाची विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली. फलाटावर गाडी उभी राहिल्याबरोबर खालून वीज मिळू लागली, तर केबल ओढण्यासाठी माणूस लागणार नाही आणि गाडी आगारात अडकून पडणार नाही. शहर बसचे शेवटचे थांबे, साखर कारखान्याचे आवार, औद्योगिक वसाहतीतील मोठे गोदाम, मार्केट यार्डातील सेलहॉल याच वर्गात मोडतात.

व्यापाऱ्याच्या वाहनाचा दिवस नीट पाहिला, तर ते धावते त्याहून उभेच अधिक असते. वजनकाट्याची रांग, हमालांची वाट, माल उतरविणे, बिल्टी तयार होणे यांत तासन् तास जातात. चालत्या रस्त्यासाठी कोट्यवधी रुपये पुरण्याआधी या उभ्या तासांचा उपयोग करणे केव्हाही स्वस्त. त्यासाठी बिनतारी उपकरणच हवे असेही नाही. आज साधी केबल पुरेशी आहे, उद्या त्याच जागी वेटोळे बसेल.

आजचा निर्णय

मग व्यापारी कुटुंबाने करावे काय? पहिली गोष्ट, जे वाहन रोज रात्री आपल्याच दारात परत येते, त्याच्या बाबतीत कोणत्याही रस्त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अक्कलकोट रस्त्यावरून नवी पेठेत गठ्ठे आणणारा छोटा हत्ती दिवसाला किती किलोमीटर फिरतो, याची महिनाभर नोंद ठेवावी. ‘एस ईव्ही’सारख्या विजेवरील लहान मालवाहू गाडीची एकवीस युनिटांच्या आसपासची बॅटरी घरगुती पद्धतीच्या जोडणीवर रात्रभरात भरते. नोंदीचा आकडा तिच्या पल्ल्यात बसत असेल, तर हप्ता आणि वाचलेले इंधन शेजारी शेजारी मांडून निर्णय घेता येतो.

दुसरी गोष्ट लांब पल्ल्याच्या मालमोटारीची. तिचा हिशेब करताना चालत्या चार्जिंगचा रस्ता शून्य धरावा. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये विजेवरील मालमोटारींसाठी ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य जाहीर केले. त्यासाठी जुनी मालमोटार मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. प्रत्यक्षात आपल्या मार्गावर अवजड वाहन उभे राहील एवढी जागा आणि तेवढ्या क्षमतेचे यंत्र किती ठिकाणी आहे, हे चालकाकडून लिहून घ्यावे. हिशेब आजच्या सोयींवर जुळत असेल तरच व्यवहार करावा. उद्याचा रस्ता आला तर तो नफ्यात जमा होईल.

तिसरी गोष्ट महामार्गालगत जागा किंवा पेट्रोल पंप असलेल्या कुटुंबांची. रस्ता वीज देऊ लागला तरी चालकाला जेवण, विश्रांती, पाणी आणि चाकातील हवा लागणारच. अशी जागा घाईने विकण्यापेक्षा तिच्याजवळून विजेची उच्चदाब वाहिनी किती अंतरावर जाते, हे तपासणे अधिक फायद्याचे ठरेल.

या शहराला नव्या वाहनविद्येचे वावडे कधीच नव्हते. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातील जैन व्यापारी घराण्यात जन्मलेले वालचंद हिराचंद रेल्वेच्या कंत्राटांकडे वळले, पुढे जहाजवाहतुकीत उतरले, १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभारली, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना सुरू केला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. रस्ता, बोगदा, जहाज, मोटार या प्रत्येक क्षेत्रात त्यांना सरकारी परवानगी, परकीय स्पर्धा आणि भांडवल यांच्याशी झगडावे लागले. त्यांच्याच नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून सोलापुरात आहे. गोदामाच्या धक्क्याशी उभ्या वाहनाला वीज देणारे, काळ्या मातीत आणि सोलापुरी उन्हात टिकणारे वेटोळे तयार करणे, हे काम तेथील विद्यार्थी आणि येथील व्यापारी यांनी मिळून हाती घेण्याजोगे आहे. त्यास महामार्ग प्राधिकरणाच्या निविदेची वाट पाहावी लागत नाही.

तोवर एक छोटी गोष्ट प्रत्येकाच्या हातात आहे. नवे गोदाम किंवा गाळा बांधताना, माल उतरविण्याच्या धक्क्यापासून मीटरच्या खोलीपर्यंत फरशीखालून एक रिकामी नळी टाकून ठेवावी आणि तीन फेजच्या जादा भाराचा अर्ज महावितरणकडे वेळीच करावा. फरशी ओतण्यापूर्वी या नळीचा खर्च किरकोळ असतो. फरशी झाल्यावर तीच नळी टाकायची तर भुई फोडावी लागते आणि चार दिवस गोदामाचे काम बंद ठेवावे लागते.